वामनाचा पाय

दर्शनाच्या बॅगेत पुराणाचा जाडजूड ग्रंथ सापडला आणि भीमराजचं डोकंच फिरलं. मानखुर्दच्या त्यांच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेबांखेरीज कुणाची तसबीर नव्हती. मुलगी मानसोपचारतज्ज्ञ, घाटकोपरला तिचं क्लिनिक. तिला पुराणं कशाला लागतात?

"कुणीतरी देवदेव करणारा पोरगा असणार," ते बायकोला म्हणाले. "त्याच्या नादाने चाललंय."

"तिलाच विचारा ना सरळ," मालन म्हणाली.

त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी न कळवता क्लिनिकवर जाऊन बसले. शेवटचा पेशंट गेल्यावर दर्शनाने त्यांना आत घेतलं. भिंतीवर मोठं चित्र होतं. वामनाचा पाय, त्याखाली बळीराजाचं डोकं. भीमराजचा संशय पक्का झाला.

"कोण आहे तो?"

"वामन."

"चित्रातला नाही गं. ज्याच्यासाठी पुराणं वाचतेस तो."

दर्शना हसली, पण त्यांचा चेहरा बघून थांबली. "कोणी नाहीये, पप्पा. माणसं मला स्वप्नं सांगतात. मनात दाबून ठेवलेलं त्यातून वर येतं, आणि तसंच काहीतरी जुन्या गोष्टींत सापडतं. मी पूजा करत नाही, अर्थ लावते."

"मग हे भिंतीवर कशाला?"

"लोकांना विचारते, यात तुम्ही कोण? सगळे बळीवर बोट ठेवतात. एकच माणूस म्हणाला, मी पाय आहे. म्हणाला आणि रडायलाच लागला."

भीमराज तिच्याकडे रोखून बघत राहिले. खरं बोलतेय की गुंडाळतेय?

"पण पप्पा, तो ग्रंथ मी कुणाला दाखवला नव्हता. माझी बॅग उघडलीत?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. खाली रिक्षावाले भांडत होते.

"उघडली," ते शेवटी म्हणाले. "चुकलं माझं."

हे शब्द दर्शनाने त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

"पण एक सांगतो. तू सारखं मन मन म्हणतेस. माझ्या आज्याच्या डोक्यावरचा पाय मनातला नव्हता, दर्शना. खरा होता."

तिच्याकडे उत्तर तयार होतं, परिषदांमध्ये द्यायचं. इथे ते तिला अगदी हलकं वाटलं.

"शनिवारी अंधेरीत माझं भाषण आहे, याच गोष्टीवर. याल?"

"येईन. पण पुढे बसणार नाही. आणि पटलं नाही तर सगळ्यांसमोर उभा राहून विचारेन."

"विचारा," ती म्हणाली, आणि तिने भाषणाचे कागद पुन्हा वाचायला काढले.