माझ्याने न हललेल्या चौकटी

माझ्यावरची अक्षरं केव्हाच पुसून गेली आहेत. पण मित्रांनो, त्यामुळे जेबाचं काही अडलं नाही. ती मला बोटांनीच ओळखते. मी दिग्रसमधला एक जुना कीबोर्ड आहे आणि तिचा हात लागला की अजूनही मला तरतरी येते.

जेबा जन्मापासून अंध आहे. बाबाराव सरांच्या शिकवणी वर्गात ती दहावीला इतिहास शिकवते. तिने माझ्यावर टाइप केलं की कॉम्प्युटर ते बोलून दाखवतो. सरांनी ऑनलाइन कोर्स काढायचं ठरवलं आणि तो बनवायचं सॉफ्टवेअर घेतलं. इतिहासाचे सगळे धडे जेबाने झरझर लिहून काढले. मी तर फुशारून गेलो होतो.

घोडं अडलं ते प्रश्नांपाशी. 'घटना क्रमाने लावा' हा प्रश्न बनवताना चौकटी ओढून डावीकडून उजवीकडे लावाव्या लागत, आणि त्या ओढायच्या फक्त माउसने. माझी एकही कळ त्यांना हलवू शकत नव्हती. चौकटीत काय आहे तेही कॉम्प्युटर वाचत नव्हता, नुसतं 'चौकट, चौकट' म्हणायचा.

जेबाने कंपनीला कळवलं. आभाराचं उत्तर आलं आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होईल असा शब्द मिळाला. पुढची आवृत्ती आली तेव्हा फक्त बटणांचे रंग बदलले होते. तिने पुन्हा कळवलं, त्यांनी पुन्हा आभार मानले. एकदा तर कंपनीच्या लोकांनी तिला अख्खी दुपार व्हिडिओवर बसवून घेतलं. तिने एकेक अडचण माझ्या कळा दाबून दाखवली. तुमच्यामुळे आमचे डोळे उघडले, असं ते म्हणाले आणि मी भाबड्याने ते खरं मानलं.

काम थांबू नये म्हणून तिची अम्मी, जुबैदा, कणकेचे हात धुऊन माउस धरायला बसायची. जेबा सांगेल त्या क्रमाने ती चौकटी लावायची. पण अम्मी उर्दू शाळेत शिकलेली, उजवीकडून डावीकडे वाचणारी. तिने पहिली घटना उजव्या टोकाला ठेवली आणि डावीकडे सरकत गेली. तिच्या सवयीने ते बरोबरच होतं. जेबाला मात्र तपासता येईना. कोर्स सुरू झाला, तर त्यात देश आधी स्वतंत्र झाला आणि अठराशे सत्तावन्नचा उठाव नंतर! बरोबर उत्तर देणाऱ्या मुलांना शून्य मिळालं. पालक सरांकडे आले. अम्मीला घास गोड लागेना. सरांनी आधी प्रश्न आणि मग धडेही वर्गातल्या दुसऱ्या शिक्षकाकडे, रजतकडे सोपवले.

मग एक दिवस नवी आवृत्ती आली, 'आता अंधांसाठी सुलभ' असं मिरवत. सर स्वतः आनंदाने घरी आले. जेबाने मला जवळ ओढलं. खरंच, धडे ऐकू येत होते, उत्तरंही माझ्यावरून देता येत होती. पण हे सगळं शिकणाऱ्यांसाठी होतं. कोर्स बनवणाऱ्याच्या चौकटी तसूभरही हलल्या नाहीत. अंध माणूस शिकेल, इथपर्यंतच कंपनीची धाव होती.

"मॅडम, तुमचं नाव विद्यार्थ्यांत टाकलं मी," सर म्हणाले. "आता आरामात आयका."

पहिला धडा सुरू झाला. जेबाचीच वाक्यं कॉम्प्युटर तिला शिकवू लागला.

"सर, हे मीच लिवलं हाये," ती म्हणाली. "मले शिकाचं नाही, शिकवाचं हाये."

मला सरांचा राग आला नाही. राग आला तो गोड बोलून तिची दुपार घेणाऱ्यांचा. त्यांनी आमचा विश्वासघात केला, आणि तो विसरणं मला जमत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काही बनवाल. ते सगळ्यांसाठी आहे असं लिहिण्याआधी माउस बाजूला ठेवा, डोळे मिटा आणि माझ्यासारख्याच्या भरवशावर ते चालवून पाहा. चालत नसेल, तर तसं लिहू नका.

आत्ता जेबाची बोटं माझ्यावरच आहेत. ती कंपनीला पुन्हा लिहिते आहे. आभार मानू नका, हे तिने पहिल्याच ओळीत सांगितलं आहे.