आफ्रिकेसाठी उचललेला भंडारा

आमच्या सुभेदारांना आफ्रिकेत जाऊन धनुष्यबाणाने रानरेडा मारायचा होता. आपल्याकडे शिकारीला बंदी, तिकडे परवाना काढून रीतसर करता येते, हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की मला ते तोंडपाठ झालं होतं. पलटणीतून निवृत्त झाल्यापासून ते सांगलीच्या विश्रामबागेत पोरांना तिरंदाजी शिकवतात. गवताच्या निशाणावर बाण मारून मारून त्यांचा जीव कंटाळला होता म्हणे. माझा जीव मात्र भलत्याच गोष्टीने टांगणीला लागला होता.

तिकडच्या शिकारीच्या कॅम्पवाल्याची अट होती, चौघं असाल तरच या. मग सोबती शोधणं सुरू झालं. आता आमच्या भागात तोंडावर नाही म्हणणं म्हणजे पाहुण्याला चहा न देता घालवण्यासारखं. ज्याला विचारावं तो मांडीवर थाप मारून 'जाऊया की' म्हणायचा, वर मटणाचं जेवण जेवून जायचा. पलटणीत हयात गेलेल्या माणसाला हो म्हणजे हो एवढंच कळतं. पासपोर्ट मागितला की एकाच्या सुनेचं डोहाळजेवण निघायचं, दुसऱ्याच्या उसाला तोड यायची. सुभेदार धुसफुसायचे आणि मी आत जाऊन देवापुढे साखर ठेवायचे. चौथा माणूस मिळूच नये, एवढीच माझी मागणी होती.

त्याचं कारण आम्हा दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात डबा द्यायला मैदानावर गेले तर हे निशाणासमोर आडवे पडलेले. दातखीळ बसलेली, हातपाय ताठ होऊन झटके खात होते, धनुष्य अंगाखाली. डॉक्टरांनी फिट सांगितली, गोळ्या दिल्या, गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. घरी आल्यावर सुभेदारांनी मला देवघरातल्या खंडोबापुढे उभं केलं आणि भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली, की हे कुणापाशी बोलणार नाही. घाबरलेल्या बाईकडून माणूस काहीही वदवून घेतो. मी उचलला. गोळ्या ताकदीच्या औषधाच्या बाटलीत गेल्या आणि गाडी तेच चालवत राहिले. मी शेजारी बसून रस्त्याऐवजी त्यांच्या हातांकडे बघत बसायचे. बोट जरा हललं तरी माझा हात स्टिअरिंगकडे जायचा.

आणि अखेर तिघं मिळाले. रहिमतपूरचा चुलतभाऊ आप्पासो, पाटणला हॉटेल चालवणारे मानसिंग आणि जतकडचा गुंडा. गुंडाच्या घरची पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. हा तेवढा पलटणीत गेला आणि सुभेदारांच्या हाताखाली वाढला. धनुष्याच्या शिकारीत जनावराच्या अगदी जवळ जावं लागतं. ते उलटलं तर मागे उभ्या असलेल्याला पुढच्याचाच आधार. सुभेदारांच्या मागे गुंडाने उभं राहायचं ठरलं होतं. गुंडाची बायको उत्कर्षा मला फोनवर म्हणाली, "वैनी, सायेब म्होरं हायती म्हणूनच मी जा म्हनलं. न्हाईतर सोडलंच नसतं." मी हं म्हटलं. फोन ठेवल्यावर भाकरी तव्यावर करपली तरी मला वास आला नाही.

आता कुणी गळू नये म्हणून सुभेदारांनी नामी उपाय काढला. चौघांनी पालीच्या खंडोबाला जायचं आणि माघार घेणार नाही म्हणून भंडारा उचलायचा. आमच्याकडे निवडणुकीत मतदारांना बांधून ठेवायला हेच करतात, तेव्हा शिकारीला का नको, असा त्यांचा हिशोब. सांगलीहून कराडमार्गे आम्ही निघालो. गाडी हेच चालवत होते, शेजारी मी आणि मागे गुंडा. आप्पासो आणि मानसिंग परस्पर येणार होते.

देवळात सुभेदारांनी ताटात भंडारा आणि बेल मांडला आणि आप्पासोला पुढे बोलावलं. तेव्हा गुंडा मध्ये पडला.

"सायेब, बोलवणाऱ्यानं आधी उचलायचा. आन् आमच्यात मेंढरं घेऊन लांबच्या रानाला निघताना दोन गोष्टी बोलत्यात. माघारी फिरनार न्हाई, आन् सोबत्यापासनं जिवाची गोष्ट लपवनार न्हाई."

सुभेदारांचा हात ताटावर थांबला. मला हायसं वाटलं, की आता सुटलो. हा माणूस बाकी कसाही असो, भंडाऱ्यावर खोटं बोलणार नाही, एवढी खात्री मी उभ्या संसारात बाळगली होती. पण त्यांनी मूठ भरली. कवायतीच्या मैदानावर बोलावं तशा खणखणीत आवाजात दोन्ही गोष्टी बोलले आणि भंडारा कपाळाला लावला. गुंडाचा चेहरा उजळला. त्याने टोपी सारखी केली आणि हात ताटाकडे नेला.

त्या क्षणी मला नवऱ्याचा राग आला, इतका की भीती मागेच पडली.

"गुंडाभावजी, उचलू नका," मी म्हणाले. "यांना फिट येते."

सगळं सांगितलं. मैदान, गोळ्या, बाटली, आणि मी स्वतः उचललेला भंडारासुद्धा. तो मी आत्ता मोडत होते, तेही त्याच देवासमोर. आप्पासो देवाकडे बघत राहिला. मानसिंग घसा साफ करून म्हणाले की बघू की पुढच्या वर्षी, आणि चपला शोधायला लागले. गुंडाने हात हळूच मागे घेतला.

"सायेब, मी तुमच्या मागं हुबा ऱ्हाणार हुतो," तो म्हणाला.

ताट तिथंच सोडून सुभेदार वळले. माझ्याकडे न बघता तरातरा गाडीकडे निघाले. आता घरी गेल्यावर आयुष्यभराचा अबोला, असं धरूनच मी मागोमाग गेले. येताना सगळा वेळ मी त्यांच्या बोटांकडे बघत होते, आता परत तेच, तेही चिडलेल्या हातांकडे. मागून गुंडाही मान खाली घालून येत होता.

गाडीच्या दाराशी सुभेदार थांबले. त्यांच्या गाडीला त्यांनी आजवर सख्ख्या भावालाही हात लावू दिला नव्हता. खिशातून किल्ली काढून त्यांनी गुंडापुढे धरली.

"तू चालव," ते म्हणाले.

आणि मला मागच्या सीटवर बसायला खुणावून स्वतःही माझ्या शेजारी येऊन बसले. कपाळावरचा भंडारा घामाने भुवईवर ओघळला होता. मी पदराने पुसायला गेले, तर त्यांनी माझा हात धरून खाली घेतला आणि सांगली येईपर्यंत सोडला नाही.