खुंट्यांना हात लावायचा नाही

आज हा पठ्ठ्या गिटार न घेता परतला, तर यापुढे या विषयावर घरात कोणी तोंड उघडायचं नाही, असं ताईने बजावून सांगितलं होतं. दहा महिन्यांत अकरा गिटारी बघून झाल्या होत्या. एकीची दांडी खरंच वाकलेली निघाली, ते जाऊ द्या. पण बाकीच्या दहा? एकीचा मालक फारच गोड बोलत होता, म्हणून नको. एकीच्या पेटीला नवंकोरं कुलूप होतं, म्हणून नको. एक बाई किंमत कमी करायला लगेच तयार झाली, म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय, चला घरी.

घरात त्याला शंकासुर म्हणायचे ते काही उगाच नाही. तीस वर्षं त्याने विमा कंपनीत दावे तपासले होते. स्वतःच्या दुकानाला स्वतःच काडी लावून वर धाय मोकलून रडणारे लोक त्याने पाहिले होते. नोकरीतून तो निवृत्त झाला, पण खोड काही निवृत्त झाली नाही. मेव्हण्याने वाढदिवसाला घड्याळ दिलं, तर हा दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन ते अस्सल आहे का विचारून आला. मेव्हणा अजून त्याच्याशी नीट बोलत नाही.

पण या गिटारीच्या मागे तो हात धुऊन लागला होता, त्याचं कारण वेगळं होतं. पंचविशीत त्याने आणि ताईने दोघांची पुंजी एकत्र करून बारा तारांची एक गिटार घेतली होती. तो वाजवायचा, ती गायची. नात्यातल्या कुठल्याही कार्यक्रमात या दोघांना उठवल्याशिवाय कोणी जेवायला बसत नसे. मग एका अडचणीच्या वर्षी त्याने ती गिटार विकून टाकली, ताईला न विचारता. ताई फक्त "बरं" म्हणाली आणि त्यानंतर कधी गायली नाही. चांगली कानाखाली वाजवली असती तरी त्याला बरं वाटलं असतं. आता सहा आठवड्यांनी ताई कायमची लेकीकडे समुद्रापार जाणार होती. त्याआधी एकदा तिला गाताना ऐकायचं, तेही आपल्या वाजवण्यावर, एवढंच त्याला हवं होतं.

"जाहिरातच बघ ना," चालता चालता तो म्हणाला. "'बारा तारांची जुनी गिटार. वाजवता येणाऱ्यालाच मिळेल. आधी वाजवून दाखवावी लागेल.' विकणारा परीक्षा घेतो असं कधी ऐकलंयस?"

"घेऊ दे की. नापास होशील म्हणून घाबरतोस?"

"किंमत पण बेताचीच आहे. का बरं?"

"अरे देवा," ताई म्हणाली आणि त्याच्या दोन पावलं पुढे चालायला लागली.

पत्ता निघाला एका शिंप्याच्या दुकानाचा. समोर काचेमागे अर्धवट शिवलेला कोट पुतळ्यावर चढवलेला, आत लांबलचक मेज, त्यावर खडूच्या रेघा मारलेलं करडं कापड. शिंपी सत्तरीचा, बारीक अंगाचा, गळ्यात टेप, कोटाच्या कॉलरवर टाचण्यांची रांग. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणत. मास्तरांनी दोघांना मागच्या खोलीत नेलं. तिथे एक खाट, दोन खुर्च्या आणि भिंतभर कपाट होतं. कपाटात लोकरीच्या कोटांच्या मधोमध गिटारीची पेटी उभी होती. पेटीलाही जाड कापडाचं आवरण शिवलेलं, काठाला दुहेरी टीप घातलेली.

"आमच्या हिची," मास्तर म्हणाले. "मागच्या हिवाळ्यात गेली ती."

शंकासुराने मान डोलवली, पण मनात नोंद केली. जुनं काही विकायला काढणाऱ्या प्रत्येकाच्या घरात कोणीतरी नुकतंच वारलेलं असतं, हा त्याचा अनुभव होता. अकरा गिटारींमागे सात मयत झाले होते, आणि त्यांतला एक मयत तर त्याला खाली उतरताना जिन्यात भेटला होता.

मास्तरांनी गिटार बाहेर काढून त्याच्या हातात दिली. "खुंट्यांना मात्र हात लावायचा नाही. आहे तशी आधी एक गाणं वाजवा. पूर्ण. मग पुढचं बोलू."

"का? खुंट्यांना काय झालंय?"

"काही नाही झालेलं. आधी वाजवा तर खरं. मग सांगतो."

हे ऐकलं आणि शंकासुराच्या कानात तीस वर्षांच्या सगळ्या घंटा एकदम वाजल्या. त्याने खिशातून बॅटरी काढली, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा काढला आणि तो कामाला लागला. दांडीवरून एक डोळा मिटून नजर टाकली. सरळ. भोकातून आरसा घालून आतल्या पट्ट्या बघितल्या. एकही सुटलेली नाही. तारा जिथे लाकडावर बसतात ती घोडी नखाने उचलून पाहिली. घट्ट. पाठीवर बोटाने टकटक केलं, कड हुंगूनसुद्धा पाहिली. चाळीस वर्षांचं लाकूड आणि साधा ओरखडा नाही. दोष सापडला असता तर त्याचा जीव भांड्यात पडला असता. सापडत नव्हता, म्हणून तो जास्तच अस्वस्थ झाला.

मास्तर खुर्चीच्या कडेवर बसून होते. दोन्ही हात मांडीवर. "वाजवताय ना?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"हो, हो. एवढं बघून घेतो."

तेवढ्यात पुढच्या दुकानातून खणखणीत हाक आली. कोणीतरी कोट न्यायला आला होता आणि त्याला घाई होती. मास्तर नाइलाजाने उठले. दारात थांबून म्हणाले, "मी येईपर्यंत थांबाल? मला ऐकायचंय." आणि गेले.

शंकासुराने अंगठा तारांवरून अलगद, अगदी हलकाच फिरवला. आवाज नेहमीपेक्षा पुरे दोन स्वर खाली होता. आणि तारांच्या सहाही जोड्यांमध्ये एक तार दुसरीपेक्षा केसभर उतरलेली होती, त्यामुळे प्रत्येक सुरात बारीकशी थरथर येत होती.

"अगं बाई!" ताई म्हणाली. "किती गोड! पुन्हा वाजव."

"गोड कसली? सापडलं!" त्याचा चेहरा फुलला. "खुंट्या सरकतायत. एकही जोडी जुळलेली नाही बघ. आणि दोन स्वर खाली का ठेवलीय? वर चढवली तर दांडी वाकणार म्हणून. म्हणूनच तर हात लावायचा नाही! म्हातारा पक्का आहे हं."

"अरे, त्यांनी सांगितलंय ना लावू नको म्हणून."

"सांगणारच. मी त्यांच्या जागी असतो तर मीही सांगितलं असतं."

"तू त्यांच्या जागी असतास तर स्वतःलाच विकली नसतीस," ताई म्हणाली. पण त्याने सूर लावायचं चिमट्याचं यंत्र दांडीच्या टोकाला लावलंसुद्धा. बाहेर गिऱ्हाईक बाहीच्या लांबीवरून तावातावाने बोलत होतं. त्याने जाड तारांपासून सुरुवात केली. खुंटी पिळायची, तार छेडायची, यंत्रावर हिरवा दिवा लागला की पुढची. खुंट्या लोण्यात फिरल्यासारख्या फिरत होत्या आणि जिथे ठेवल्या तिथे राहत होत्या. चौथ्या जोडीला त्याच्या कपाळावर आठी पडली. पाचव्या जोडीनंतर त्याने पुन्हा दांडीवरून नजर टाकली. दांडी जराही हलली नव्हती.

"वाकली का?" ताईने विचारलं.

"नाही."

"मग आता तरी पुरे कर."

"एकच जोडी राहिलीय."

दारात मास्तर उभे होते. तोंडात दोन टाचण्या, हातात खडू. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी टाचण्या काढून कॉलरला लावल्या, एक खाली पडली ती उचलली नाही.

"किती फिरवल्या?" त्यांनी विचारलं.

"दहा तारा. पण काही बिघडलं नाही हां," शंकासुर घाईघाईने म्हणाला. "उलट उत्तम आहे. कसलाच दोष नाही. मी घेतो. तुम्ही सांगाल त्या किमतीला."

मास्तर खाटेवर बसले. रागावले असते तर त्याला त्यांच्याशी वाद घालता आला असता. ते कपाटाकडे बघत राहिले.

"ती सूर मुद्दामच तसा लावायची," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "यंत्र नाही, काही नाही, कानाने. आवाज तिचा खालचा होता म्हणून गिटारही खाली. आणि जोडीतली एक तार जराशी मागे ठेवायची. मी म्हणायचो, अगं, चुकलंय. तर म्हणायची, दोघांनी तंतोतंत एकसारखंच बोलायचं तर दोघं कशाला हवेत? गेली त्याच्या आदल्या आठवड्यात लावून ठेवली होती. मी पेटी बंद केली ती आज उघडली. हवेने थोडी उतरली असेल, तेवढं कळतं मला. पण लावलेला हात तिचा होता. मला वाजवता येत नाही. म्हटलं, विकायच्या आधी कोणीतरी एकदा वाजवावी. एकदा ऐकू आणि देऊन टाकू."

"मग आधीच का नाही सांगितलंत?" शंकासुराचा आवाज चिरका निघाला.

"तुमच्या आधी एक जण आला होता. त्याला सांगितलं तर हसला. त्याला दार दाखवलं. पण तुम्हाला सांगायचा पुन्हा धीर झाला नाही."

शंकासुराला इतकी लाज वाटली, की गिटार मांडीवरून खाली ठेवावी की धरून बसावं हेसुद्धा त्याला सुचेना. लबाडी शोधायला तो अकरा घरं फिरला होता, आणि या बाराव्या घरात मास्तरांचा शब्द मोडून लबाडी केली ती त्याने स्वतःच. ताई त्याच्याकडे बघत नव्हती, आणि तेच जास्त लागत होतं. आता ती पुन्हा "बरं" म्हणणार, असं त्याला वाटलं.

पण ताई उठून मास्तरांच्या शेजारी खाटेवर बसली. "एक जोडी राहिलीय ना अजून? ती वाजव."

त्याने सगळ्यात बारीक तारांची शेवटची जोडी छेडली. दोन सूर, एक केसभर मागे, थरथरत खोलीत फिरले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"पुन्हा," ते म्हणाले. त्याने पुन्हा छेडली. अशी चार वेळा.

"आता ते यंत्र काढ," ताई म्हणाली. "मी ऐकलंय मघाशी. तू एकदा वाजवली होतीस. मला आठवतंय. या जोडीवरून बाकीच्या लावू. मी सांगते तसा फिरव."

तो निमूट यंत्र खिशात टाकून बसला. ताई मिटल्या ओठांनी एक सूर धरायची, तो तार खाली उतरवायचा. "अजून. थांब. आता दुसरी, हिच्या मागे. अरे, इतकी नाही! जरा वर घे. हं." मधेच दोघांचं जुंपायचं, तिचं म्हणणं खाली, त्याचं म्हणणं वर, आणि मास्तर गोंधळून एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायचे. पाऊण तास गेला. दुकानात कोणीतरी येऊन हाका मारून निघून गेलं. मास्तर उठले नाहीत.

मग त्याने विचारलं, "कुठलं गाणं वाजवायच्या त्या?"

"कुठलंही वाजवा," मास्तर म्हणाले.

त्याने सुरुवात केली. बोटं जड झाली होती, दोनदा चुकली. तिसऱ्या ओळीला ताई गायला लागली. वयाने तिचाही आवाज उतरला होता, आणि खाली लावलेल्या त्या गिटारीवर तो अलगद बसला. शंकासुराचे डोळे भरून आले, समोरचं नीट दिसेना, आणि त्याने पुसलेही नाहीत, कारण हात रिकामे नव्हते. मास्तर मान खाली घालून मांडीवरच्या विजारीची घडी पुन्हा पुन्हा सरळ करत होते.

गाणं संपलं.

"असंच," मास्तर एकदम म्हणाले. "अगदी असंच वाजायचं."

जरा लवकरच म्हणाले ते. खऱ्या आठवणीला माणूस थोडा वेळ घेतो, आणि उत्तर तयार असलं की ते असं पटकन येतं, हे शंकासुराने तीस वर्षांत हजार टेबलांवर पाहिलं होतं. मास्तर बोलताना गिटारीकडे बघतही नव्हते. ते ताईकडे बघत होते, तिला वाईट वाटू नये म्हणून. ताईच्याही ते लक्षात आलं होतं. तिने भावाकडे पाहिलं, आणि आता हा काय विचारतोय या धास्तीने तिचा हात पदरावरच थांबला.

"नक्की?" हा शब्द त्याच्या जिभेच्या टोकावर आलाच होता. तो त्याने गिळला.

"मलाही तसंच वाटलं," तो म्हणाला.