तीन हॉर्न, दोन ठोके

त्या सोमवारी सकाळी महेबूब चहात पाव बुडवत होता. संध्याकाळी यायला उशीर होईल का, असं त्याच्या लेकीने, नाजियाने विचारलं. पाव कालचा असला तरी बरा आहे, असं त्याने उत्तर दिलं. तिच्या आईने, चांदबीने, तव्यावरची नजर न उचलता टोमणा हाणला, "तेरे अब्बाकू मशीनां का सुनने आता, घरवालों का नैं." ती हसली म्हणून महेबूबही हसला, डबा पिशवीत टाकून एमआयडीसीकडे निघाला. नाजियाने तोच प्रश्न पुन्हा मोठ्याने विचारला नाही. तिच्या क्लासची पहिली बॅच साडेसातला होती, आणि असं मोठ्याने विचारायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

लातूरच्या एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यात महेबूब मेंटेनन्सला होता. तेलाच्या पिशव्या भरून खोक्यात रचणारी आपोआप चालणारी लाइन त्याच्याकडे होती. नव्या पोरांनी लॅपटॉप जोडून बिघाड शोधावा, तोवर हा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवी, मूठ कानामागच्या हाडाला लावी आणि सांगे, तिसरं गेलंय. ते तिसरंच निघे. भूकंप झाला तेव्हा तो कारखान्याच्या ट्रकमधून औशाच्या पलीकडे गेला होता. ढिगाऱ्यात पहार खुपसून तिच्या वरच्या टोकाला त्याने असंच डोकं टेकवलं होतं, आणि एक म्हातारी जिवंत निघाली होती. बावीस वर्षं झाली, तरी लोक महेबूब मिस्त्रीच्या कानाबद्दल बोलत.

तो कान गेल्याचं एकट्या नाजियाला कळलं होतं. ती मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. दोन वर्षांपूर्वी कानाचा धडा आला तेव्हा तिने नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, घरी आणला आणि गंमत म्हणून अब्बांच्या कानाशी धरला. ते वाट बघत राहिले. मग तिने तो कानामागे टेकवला, तर म्हणाले, हां, अब आया आवाज. लहानपणी फुटलेले दोन्ही कान पुन्हा बिघडले होते. हवेतून येणारा आवाज बंद झाला होता, हाडातून येणारा शाबूत होता. बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. अब्बांनी पाण्याच्या टाकीचा विषय काढला, तिने नादकाटा पर्समध्ये ठेवला. पुढे तिनेच त्यांचा फोन थरथरण्यावर लावून दिला. कारखान्याच्या गोंगाटात रिंग ऐकू जात नाही, असं आईला सांगितलं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. तोवर निभेल, असं तिने धरलं होतं.

त्या सोमवारी दुपारी लाइनची साखळी तुटली. महेबूब आत शिरून नवी कडी बसवत होता. जाळीचं दार उघडं असलं की लाइन सुरू होत नाही. पण साखळी बोटभर सरकवून बघावी लागते, म्हणून दाराचा सेन्सर वायर घालून फसवायची तिथे जुनी रीत होती. त्यासाठी त्यांचा आपसातला कायदा होता. बटनावरच्याने तीन हॉर्न द्यायचे, आतल्याने पान्याने दोन ठोके द्यायचे, मगच बटन दाबायचं. बटनावर व्यंकट होता, महेबूबच्या हाताखाली अठरा वर्षं काढलेला. लाइन सुरू झाली तेव्हा महेबूब आतच होता, तो जिवंत बाहेर आला नाही.

तिसऱ्या दिवशी मयताची जियारत झाली, आलेली माणसं उठली, आणि मग व्यंकट आला. चप्पल काढून उंबऱ्याशीच बसला. कंपनीने त्याला घरी बसवलं होतं. हॉर्न न देताच लाइन सुरू केली, असं चौकशीत लिहिलं होतं. पोलिसांनीही दोनदा बोलावलं होतं.

"भाभी, तीनदा हॉर्न दिला म्या," तो चांदबीला म्हणाला. "आतून दोन ठोके आले. ह्या कानांनी ऐकलेत."

नाजियाचा मामा अकरम भिंतीला टेकून बसला होता. माणूस मेल्यावर त्याच्या नावावर काहीही खपवता येतं, असं तो म्हणाला. साऱ्या जिल्ह्यात ज्याच्या कानाचं नाव, त्याला तीन-तीन हॉर्न ऐकू गेले नाहीत होय, असंही विचारलं. व्यंकटने मान खाली घातली. आता त्याचाही स्वतःवर विश्वास उरला नव्हता, हे दिसत होतं. कदाचित दोनच दिले असतील हॉर्न, तो पुटपुटला. कदाचित दिलेच नसतील.

तो उठायला लागला. चांदबी तोंडावर पदर धरून बसली होती. नाजियाला वाटलं, आपण गप्प बसलो तर अब्बांचं नाव जसंच्या तसं राहील. हा माणूस उंबरा ओलांडून जाईल आणि जन्मभर हॉर्न मोजत बसेल.

"बसा, व्यंकटकाका," ती म्हणाली.

तो अर्धवट वाकलेला तसाच थांबला.

"हॉर्न तुम्ही दिलेत. ठोकेही आले असतील. पण ते तुम्हाला नव्हते, अब्बा कडीची पिन ठोकत असणार. त्यांना हॉर्न ऐकूच गेला नाही. दोन वर्षं झाली, त्यांना ऐकू येत नव्हतं. मला माहीत होतं. मी कुणालाच सांगितलं नाही, त्यांच्याशीसुद्धा कधी बोलले नाही."