हमदियामावशीचा पुढचा दात

वगदी आणि मी एका खोलीत आलो की भांडण ठरलेलं. पुढचा दात काढला की त्याच खड्ड्यात लगेच इम्प्लांट बसवायचं, इथवर आमचं एकमत. पण हिरडी कापून, उचलून, हाड डोळ्यांनी बघून बसवायचं असं त्याचं म्हणणं, आणि हिरडी न कापता असं माझं. इजिप्तमधल्या तान्ता शहरातल्या आमच्या दातांच्या दवाखान्यात तीन वर्षं याच तुलनेचा अभ्यास चालला होता. कुणाला कुठली पद्धत, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवायची. खरं सांगते, वगदी रजेवर असला की मला दिवस बेचव जायचा. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

आमच्या गल्लीतल्या हमदियामावशीनं कलिंगडाच्या बिया फोडताना पुढचा दात मुळाशी मोडून घेतला, तोही मुलीच्या लग्नाच्या तोंडावर. तिचा झगरूता, म्हणजे आनंदाच्या प्रसंगी बायका जीभ भराभर हलवून काढतात ती लांब किलकारी, गल्लीत नावाजलेला. कुणाकडे आनंदाची बातमी आली की पहिली किलकारी हिची. आता नुसती हवा फुसकन् बाहेर यायची.

"पोरीच्या लग्नात आई मुकी बसली, तर मी मेल्यावरही लोक बोलतील," ती रडकुंडीला आली.

अभ्यासात यायला ती तयार झाली. चिठ्ठी निघाली कापायची. टाके, सूज, मी कपाळाला हात लावला.

"चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी, इनास," वगदी म्हणाला. "आणि माझे टाके बघ तरी."

त्यानं इम्प्लांट बसवलं, वर तात्पुरता दात लावला. आठवड्यानं, लग्नाच्या आदल्या दिवशी टाके काढले. हिरडी छान गुलाबी. मेल्याच्या हाताला गुण आहे, माझा नुसता जळफळाट झाला.

"करून बघू?" मावशीनं विचारलं.

"हळूच," वगदी म्हणाला.

हळूच कसलं! मावशीनं तोंडाशी तळहात धरला आणि असा झगरूता सोडला की खिडकीच्या काचा थरथरल्या. आमच्याकडे एकीचा झगरूता ऐकला की बाकीच्या कारण विचारत बसत नाहीत. बाहेर थांबलेल्या चार-पाच जणींनी साथ दिली आणि नोंदणीवरची सौसन त्यांना घेऊन आतच घुसली.

"एकदाचं जमलं म्हणायचं तुमचं! तीन वर्षं नवरा-बायकोसारखे भांडताय. साखरपुड्याचं शरबत कुठंय?"

मी वगदीकडे बघितलं. आता हा सगळ्यांना झाडणार, असं वाटलं. तो चिमटा धरून उभा होता, कान लालबुंद.

"शरबत मी आणतो," तो म्हणाला. "पण आधी हिला विचारा. माझं हिला कधीच पटत नाही."

"बोल गं बाई लवकर," मावशी खुर्चीतून म्हणाली, "माझी जीभ तयार आहे."

"या वेळी पटलं," मी म्हणाले.

मावशीचा दुसरा झगरूता पहिल्यापेक्षा लांब चालला.