काठवटीला पडलेली चीर

मी एक जुनी काठवट आहे. कानिफनाथ सुताराने मला बाभळीच्या अख्ख्या ओंडक्यातून कोरून काढले. माझ्या कडेला एक चीर आहे आणि तिच्यावर पत्र्याची पट्टी ठोकलेली आहे. मित्रांनो, ही चीर म्हातारपणाची नाही, लाथेची आहे. ती आठवली की अजून माझे लाकूड तापते.

कर्जतकडच्या एका खेड्यात, राहीबाईच्या चुलीपुढे माझे आयुष्य गेले. रोज सकाळी ती माझ्यात ज्वारीचे पीठ घेई, कढत पाणी ओती आणि मळून भाकरी थापी. तिचा मुलगा गहिनीनाथ याच भाकरीवर वाढला. दिवसा मोट हाके, संध्याकाळी तालमीत घुमे. न्याहारीला चार भाकऱ्या संपवून गावाला ऐकू जाईल असे म्हणे, "आये, ही काठवट सोन्यानं मढवू!"

सेहेचाळीस साली, जत्रेच्या महिनाभर आधी, तालमीचा वस्ताद रंगनाथ घरी आला. आमच्या जत्रेत पैलवानांना काट्यावर तोलत नाहीत. पंच दंड चाचपतात, अंग बघतात आणि बरोबरीची जोड लावतात. रंगनाथाने त्यातच पळवाट काढली.

"राहीआक्का, गड्याची भाकर बंद. नुसतं मटन, अंडी, तूप. अंग उतरलं की पंच हलका गडी देत्याल. ताकद कुठं जात न्हाई."

"भाकरीबिगर? वस्ताद, तुमी पैलवान पाळताय का वाघ?"

हे बोलणे चालू असताना वस्ताद माझ्यात थापलेली दुसरी भाकरी ठेच्याशी मोडत होता. स्वतः खात होता आणि दुसऱ्याची तोडत होता! त्या वर्षी शहरात माणसे रेशनच्या ज्वारीसाठी उन्हात उभी होती, आणि इथे आमचा धडधाकट गहिनीनाथ ज्वारीच्या भरल्या कणगीपुढे वस्तादाचे ऐकून भाकरीला नको म्हणाला.

मी खोटे बोलणार नाही. आठ दिवसांत गहिनीनाथाचे पोट सपाट झाले, अंग हलके झाले. वस्तादाने त्याला गावभर मिरवले. पण नंतर त्याचे डोके ठणकू लागले. तोंडाला वास येई, पोट साफ होईना. मोट हाकताना पायात गोळे येत. घरात मात्र तोंड सुटले. मीठ कमी पडले तरी तो आईवर खेकसे. राहीबाई आपल्यापुरती एक भाकरी थापी, तीही त्याच्याकडे पाठ करून.

एके सकाळी तिला राहवले नाही. "चतकोर तरी खा रं, बाळा," म्हणून तिने तुकडा पुढे केला. तो ताडकन उठला आणि त्याने मला लाथ मारली. मी उंबऱ्यावर आदळले आणि चिरले. सगळे पीठ अंगणात सांडले. कोंबड्यांनी ते टिपून नेले. त्या त्याच्यापेक्षा शहाण्या!

जत्रेत काय झाले ते शेजारच्या मनकर्णेने येऊन सांगितले. जोड हलकीच लागली. बन्सी नावाचा सडपातळ गडी होता. वस्तादाने मिशीला पीळ दिला. गहिनीनाथाने सुरुवातीला त्याला दाबले, पण हलगी रंगात आली तसा याचाच दम तुटला. हात ढिले पडले. बन्सीने त्याला उचलून चीत केले.

"आरं वस्ताद, गडी आनला का गड्याचं सोंग?" लोक ओरडले. वस्ताद गर्दीतून कधीच निसटला होता.

गहिनीनाथ घरी येऊन चुलीपुढे बसला. म्हणाला, "आये, भाकर."

"काठवट फुटलीय," राहीबाई म्हणाली. "आधी ती नीट करून आन."

भर दुपारी, सगळ्या गावादेखत, त्याने मला डोक्यावर घेऊन सुताराकडे नेले. कानिफनाथाने चीर पाहिली, मग त्याच्याकडे पाहिले. "सोनं न्हाई बाबा माझ्याकडं. पत्रा हाय."

त्याची ताकद भाकरीबरोबर हळूहळू परत आली. माझी चीर तशीच राहिली.

मित्रांनो, मटणाशी माझे भांडण नाही. पण ज्या अन्नावर अंग उभे राहिले, ते कुणाच्या पीळदार मिशीकडे बघून टाकू नका. सांगणारा स्वतः काय खातो, ते आधी बघा. आणि ज्या हातांनी भाकरी थापली, त्यांच्यावर तरी राग काढू नका.

अजून रोज त्या पट्टीखाली पीठ अडकते. राहीबाई ते नखाने कोरून काढते. तेवढा वेळ गहिनीनाथ मान खाली घालून बसतो.