गव्हातला गोडवा

सांगलीचा मंदार तमिळ मुलखात, शोळिंगनल्लूरला नोकरी करी आणि सुट्टीच्या दिवशी वेलचेरीतल्या आपल्या तळमजल्यावरच्या भाड्याच्या घरात गव्हाची बिअर बनवी. अडचण एकच होती. भरडलेलं धान्य गरम पाण्यात ठेवलं की त्याची साखर होऊन पाण्यात उतरायला हवी. त्याच्याकडे जेमतेम निम्मी उतरे. मोड आणलेल्या गव्हाला टरफल नसतं, त्यामुळे लगदा होई आणि पाणी खाली झिरपतच नसे. त्याने धान्य बारीक भरडून पाहिलं, भाताचं तूस मिसळलं, पातेल्याला चादरी गुंडाळल्या. फरक पडला, पण थोडाच.

एका शनिवारी पातेलं झाकून तो बाहेरच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर बसला. पळी तळाला घासल्याचा आवाज येत होता, सावकाश, एका लयीत. शेजारी काही शिजत असेल, असं त्याला वाटलं. आत जाऊन पाहतो तर झाकण बाजूला आणि लाकडी पळी ओली. गोडवा मोजायची काचेची नळी पाण्यात सोडली, तर ती कधी नव्हे इतकी वर तरंगली. आपणच ढवळून विसरलो असू, असं म्हणत तो खूश झाला.

पुढच्या खेपेला त्याने पळी कपाटात बंद केली. तरी आवाज आला. या वेळी धान्यात असू शकते त्याहून जास्त साखर पाण्यात उतरली होती. त्याने बोट बुडवून चाखलं. तुपाची चव लागली. घरात तूप नव्हतंच.

घरमालक व्यंकोजी, मूळचे तंजावरचे मराठी, वर एकटेच राहत. मंदारने बिचकत सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, त्यांची बायको भवानी त्याच स्वयंपाकघरात गव्हाचा हलवा करून विकायची. गहू भिजवून, वाटून दूध काढायचं आणि हात न थांबवता ढवळायचं. एका वर्षी डिसेंबरात पूर आला, पाणी घरात शिरलं. ते वरून हाका मारत राहिले आणि ती "एवढं होऊ दे" म्हणत राहिली.

"तम्बी, ढवळाया बसली की ती उठत नाही," ते धाकट्या भावाला सांगावं तसं म्हणाले.

पुढच्या शनिवारी धान्याचं पातेलं झाकून दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आत कोणी नव्हतं. आवाज सुरू झाला. व्यंकोजींनी मंदारचा हात घट्ट धरला.

"भवानी, पाणी उतरलं. झालं तुझं. वर ये."

आवाज थांबला. मंदारने श्वास सोडला, तोच पायांना गार लागलं. खिडकीत एप्रिलचं ऊन होतं, फरशी कोरडी दिसत होती, पण घोट्यांना पाणी लागत होतं. ते त्याला ओलांडून जिन्याकडे सरकलं. व्यंकोजी त्या पाण्याच्या पुढे, पायरी पायरी थांबत, वर गेले.

त्या संध्याकाळी वरून त्यांचं बोलणं ऐकू येत राहिलं, मध्येच थांबून, समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखं. दुसऱ्या दिवसापासून ते मेसमधून दोघांचं जेवण मागवू लागले.

महिनाअखेरीला मंदारने अड्यारला खोली घेतली. निरोप घ्यायला तो वर गेला. व्यंकोजींनी दार किलकिलं केलं. त्यांचा चेहरा इतका समाधानी होता, की मंदारने त्यांच्या खांद्यावरून आत पाहायचं टाळलं.